वासुदेवाची टोपी

भल्या पहाटे चिपळ्यांचा आवाज आला, की आमच्या आळीतली बायामाणसं सुपात मूठ-पसा धान्य घेऊन दाराशी येत. अंधुक उजेडात येणाऱ्याचा चेहरा दिसत नसे, पण ती मोरपिसांची उंच, निमुळती टोपी दिसे, आणि तेवढ्यावर ओळख पटे. मंडळी, आज बोलायचं आहे ते त्या टोपीविषयी. घोळदार अंगरखा, कमरेचा शेला, त्यात खोचलेला पावा, पायांतले घुंगरू हे सगळं वासुदेवाचंच. पण टोपी काढून ठेवली, तर तो वासुदेव राहत नाही.

वासुदेव आपल्याकडे फार जुना. नामदेव, एकनाथ (1533 ते 1599), तुकाराम यांच्या नावावर वासुदेवाची रूपकं आहेत. आता बघा, घरोघर ओळखीचा असल्याखेरीज संत त्याच्या तोंडी उपदेश कशाला घालतील? शिवकाळात हेर याच वेशात फिरत, असंही आपण मुलांना सांगतो. ती गोष्ट म्हणून सांगावी, इतिहास म्हणून नव्हे.

ही टोपी घडते कशी, ते मला माझ्याच चुकीमुळे कळलं. मी मास्तर. एका वर्षी स्नेहसंमेलनात मुलाला वासुदेवाचं सोंग द्यायचं ठरलं. पुठ्ठ्याची टोपी करता आली असती, पण मला हौस खऱ्याची. आमच्याकडे येणाऱ्या वासुदेवबाबांकडे मी त्यांची टोपी मागितली. ते घुटमळले. "मास्तर, वडलांची हाये," एवढंच म्हणाले आणि दिली. पोरांनी गिरकी घेताना ती पाडली, वर कुणाचा तरी पाय पडला. दहा-बारा पिसं मोडली.

दुसऱ्या दिवशी ती घेऊन मी त्यांच्या पालावर गेलो. बाबा रागावले नाहीत. तेच मला जड गेलं. त्यांनी टोपी मांडीवर घेतली आणि उसवायला सुरुवात केली. आत डोक्याच्या मापाची जाड कापडाची टोपी होती. तिच्यावर बांबूच्या पातळ कामट्यांचा सांगाडा, वर निमुळता होत गेलेला. पिसं त्यावर उलटी बसवलेली, म्हणजे देठ वर आणि डोळे खाली. गवतानं छप्पर शाकारतात ना, अगदी तसं. खालची ओळ आधी, मग तिचे टाके झाकेल अशी वरची. सगळे देठ शेंड्याला एकत्र आवळलेले आणि वरून पितळी कळस. कपाळाशी लाल पट्टी, तिच्यावर मणी आणि जर. मोडकी पिसं काढायची, तर कळसापासून सगळंच सोडावं लागतं. बाबांना आणि त्यांच्या कारभारणीला त्या कामाला तीन दिवस लागले.

पिसं कुठली? मोर मारून नव्हे. पावसाळा सरत आला की मोराचा पिसारा आपोआप झडतो आणि पुढे नवा येतो. बाबा रानातून अशी पिसं वेचून आणत, कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून ठेवत, म्हणजे कसर लागत नाही. त्यांचा रंग धुतल्यानं जात नाही. शिक्षकबंधूंनी हे वर्गात जरूर सांगावं: पिसातला निळा-हिरवा हा रंगद्रव्याचा नसून पिसाच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतताना उमटतो. पीस तिरपं धरा, रंग बदलतो. 1963 साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याची शिकार बंद केली. झडलेल्या पिसांना मात्र देशात मोकळीक राहिली. उपटलेलं पीस देठाच्या बुडाशी असलेल्या रक्ताच्या खुणेवरून ओळखता येतं.

दुसरा एक कायदा वासुदेवाला अधिक जवळून भिडतो. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात सार्वजनिक जागी गाऊन, नाचून दान घेणं हेही भीक मागण्यातच धरलं आहे. त्याआधी 1915 साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा'त फिरस्त्यांचा कुणब्यावर पडणारा भार कडक शब्दांत मांडला होता. आत्र्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दुष्काळात मूठभर धान्यही जड होतं. पण बाबांना मी भिकारी म्हणू धजणार नाही. दान मिळालं की ते पंढरीचा विठोबा, जेजुरीचा खंडोबा अशी देवांची नावं घेऊन 'दान पावलं' म्हणत, गिरकी घेत, मग पुढच्या दारी. सरकारच्या भटक्या जमातींच्या यादीत वासुदेव हे नाव आहे. त्या यादीमुळे शाळेची वाट थोडी सोपी झाली, हेही खरं.

टोपी दुरुस्त झाली तेव्हा जुन्या मापाची पिसं पुरली नव्हती. कारभारणीनं डाव्या कानापाशी दोन आखूड पिसं शिवली. पुढं कितीतरी वर्षं बाबा दारी आले, की माझी नजर आधी तिथंच जाई. बाबांचा मुलगा आता एस.टी.त वाहक आहे. टोपी त्यानं घरी खुंटीला टांगली आहे. दर वर्षी कडुनिंबाचा पाला बदलतो, असं मला त्यानंच सांगितलं.