थ्रेड : जुन्या स्पोर्ट्‌स कारला कोणती बॅटरी? गॅरेजमधला प्रश्न, इतिहासातले उत्तर

१/ क्रांती चौकातून जालना रोडला लागले की वाहनांचा अखंड प्रवाह दिसतो. त्यात एखाद्या रविवारी उघड्या टपाची एखादी जुनी दोन आसनी गाडी आली, तर सिग्नलवरचा प्रत्येक जण मान वळवून पाहतो. ती गाडी कोणत्या साली, कोणत्या कारखान्यात घडली, हे सारे विचारतात. ती आज सकाळी सुरू कशामुळे झाली, हे सहसा कोणी विचारत नाही. आजचा धागा त्या दुर्लक्षित वस्तूविषयी, म्हणजे बॅटरीविषयी आहे.

२/ प्रश्न साधा आहे. जुन्या स्पोर्ट्‌स कारची बॅटरी निकामी झाली, तर तिच्या जागी भरवशाची बॅटरी कशी निवडावी? दुकानदार कंपनी आणि किंमत सांगेल. परंतु अशा गाडीचे विद्युतशास्त्र तिच्या काळाचे असते. तो काळ न जाणता घेतलेली महागडी बॅटरीही गाडी बिघडवू शकते, प्रसंगी पेटवूही शकते.

३/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात आणखी एक पेच दिसतो. इंजिन शंभर वर्षे टिकू शकते, पत्राही टिकू शकतो. बॅटरी मात्र काही वर्षांत संपतेच. जगातली कोणतीही जुनी गाडी पहिल्या दिवसाच्या बॅटरीवर धावत नाही. मग ‘मूळ स्वरूपातली गाडी’ याचा अर्थ काय? कोणता बदल वस्तूचा इतिहास पुढे नेतो आणि कोणता तो पुसून टाकतो?

४/ हा पेच क्रांती चौकाला नवा नाही. जून १८५७ मध्ये या शहरातल्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात उठाव झाला. त्या शिपायांना जिथे देहान्त शासन झाले, त्या काळ्या चबुतऱ्याची स्मृती याच चौकाशी निगडित आहे. भोवतालचे रस्ते, पुतळे, पूल, शहराचे नावदेखील बदलले. तरीही जागेचा अर्थ टिकला, कारण काय बदलले आणि काय उरले याची नोंद कोणी ना कोणी ठेवली.

५/ जुन्या गाड्यांबाबत आपल्या कायद्यानेही हा प्रश्न हाताळला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि चासिस, बाह्यांग वा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली दुचाकी-चारचाकी वाहने त्यांत येतात. त्यांच्या नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. बॅटरी बदलणे हा असा मोठा फेरबदल नव्हे. पण मोठी बॅटरी बसावी म्हणून पत्रा कापणे, हे त्या दिशेचे पाऊल नक्कीच आहे.

६/ आता थोडे मागे जाऊ. १८५९ साली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाच्या पत्र्यांचा आणि गंधकाम्लाचा पुन्हा पुन्हा भारित करता येणारा घट तयार केला. १८८१ मध्ये कामिय फोर याने शिशाच्या संयुगांचा लेप वापरून त्याची क्षमता वाढवली आणि तो उद्योगाच्या कामाचा झाला. आपल्या गाडीतली साधी बॅटरी आजही तत्त्वतः त्याच कुळातली आहे. एका घटाचे दाब सुमारे २.१ व्होल्ट, तीन घट जोडले की ६ व्होल्टची बॅटरी होते, सहा जोडले की १२ व्होल्टची.

७/ आरंभीच्या मोटारी हँडल मारून सुरू कराव्या लागत. हँडल उलटले तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंगने विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि बॅटरीचे काम बदलले. दिव्यांना मंद, दीर्घकाळ वीज पुरवणाऱ्या वस्तूने आता काही क्षणांत प्रचंड प्रवाह द्यायचा होता. आजही स्टार्टरची बॅटरी आणि घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी वेगळी असते, त्याचे मूळ इथे आहे. म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी गाडीत घालू नये.

८/ पहिली कसोटी : व्होल्ट. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगातल्या बहुसंख्य गाड्या ६ व्होल्टच्या होत्या. लष्करी विलीज जीपही तशीच. युद्धोत्तर काळात अधिक दाबाची, अधिक ताकदीची इंजिने आली आणि ती फिरवायला ६ व्होल्ट अपुरे पडू लागले. गणित सोपे आहे. १२०० वॉटच्या स्टार्टरला ६ व्होल्टवर २०० अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर १००. त्याच तारेत प्रवाह निम्मा झाला, की उष्णतेच्या रूपाने होणारी हानी एक चतुर्थांश होते. पन्नासच्या दशकात अमेरिकी उत्पादक १२ व्होल्टकडे वळले, त्यामागे हे कारण होते.

९/ यातून व्यवहाराचा धडा मिळतो. ६ व्होल्टची गाडी आळसावल्यासारखी सुरू होत असेल, तर दोष बॅटरीचाच असेल असे नाही. ६ व्होल्टला मुळात जाड केबल लागते. दुरुस्तीत कोणी १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल जोडली असेल, तर कितीही उत्तम बॅटरी आणा, स्टार्टर रडतच राहील. आधी केबल आणि अर्थिंगचे जोड तपासावेत, मग बॅटरीसाठी पैसे काढावेत.

१०/ दुसरी कसोटी : अर्थिंग कोणते? आज बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडतात. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत मात्र धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. ॲबिंग्डनला घडलेली एमजीबी हे प्रसिद्ध उदाहरण. १९६२ साली ती धन अर्थिंग आणि डायनॅमो घेऊन आली. १९६७ मधल्या सुधारित आवृत्तीत ऋण अर्थिंग आणि अल्टरनेटर आले. नाव तेच, रूप जवळजवळ तेच, विजेची दिशा मात्र उलटी.

११/ इथे गफलत झाली तर? जुन्या दिव्यांना आणि हॉर्नला दिशेचे फारसे सोयरसुतक नसते. परंतु मधल्या काळात कोणी ट्रान्झिस्टर रेडिओ वा अल्टरनेटर बसवला असेल, तर त्यातले अर्धवाहक घटक क्षणात जळतात. बॅटरीच्या सर्वमान्य गोल टोकांत धन टोक किंचित जाड असते. त्यामुळे टोकांवरचे क्लॅम्प ठोकून वा पत्र्याचा तुकडा घालून बसवलेले दिसले, तर ओळखावे की मागे कोणीतरी दिशा बदलली आहे. ती खूण एक पुरावाच आहे. साफ करण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे.

१२/ तिसरी कसोटी : जागा. स्पोर्ट्‌स कारमध्ये जागेची चणचण असते आणि वजनाचा तोल महत्त्वाचा असतो. १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात झळकलेल्या जॅग्वार एक्सके १२० मध्ये आणि नंतर एमजीबीतही ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडणीत, आसनांच्या मागे ठेवलेल्या असत. एमजीबीत सत्तरच्या दशकाच्या मध्यास त्यांच्या जागी १२ व्होल्टची एकच बॅटरी आली. दोन बॅटऱ्यांच्या गाडीत एकच नवी आणि एकच जुनी ठेवू नये. जोडीतली दुबळी बॅटरी सबळ बॅटरीलाही घेऊन बुडते.

१३/ दोहोंऐवजी एक बसवायची असेल, तर मूळ खाच्यात मावणारी निवडावी. लांबी, रुंदी, उंची आणि टोकांची डावी-उजवी बाजू मोजून, कागदावर लिहूनच दुकानात जावे. उंच बॅटरीचे टोक पत्र्याच्या झाकणाला टेकले, तर शॉर्ट सर्किट अटळ आहे. पकडपट्टी घट्ट हवी. साध्या, पाणी घालायच्या बॅटरीतून हायड्रोजन आणि आम्लाचे बाष्प निघते. ती आसनामागे असेल तर वायू बाहेर नेणारी नळी अनिवार्य समजावी.

१४/ चौथी कसोटी : गाडी बॅटरीला भारित कशी करते? डायनॅमो मंद गतीवर फार थोडी वीज देतो आणि त्याच्या यांत्रिक रेग्युलेटरचे नियंत्रण सैल असते. साधी ‘ओली’ बॅटरी हा लहरीपणा बराचसा सोसते. काचतंतूंच्या गादीत आम्ल शोषून धरणारी एजीएम बॅटरी गळत नाही, आडबाजूच्या खाच्यात सोयीची पडते. पण अतिभारण तिला मानवत नाही. म्हणून ती घेण्यापूर्वी रेग्युलेटर तपासून घ्यावा. लिथियमची हलकी बॅटरी मोह घालते, परंतु डायनॅमोच्या गाडीला ती देऊ नये.

१५/ पाचवी कसोटी : हवामान. परदेशी मार्गदर्शिका थंडीत सुरू होण्याच्या क्षमतेवर भर देतात. मराठवाड्यात बॅटरीचा शत्रू उन्हाळा आहे. पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आतली रासायनिक झीज वेगाने होते आणि उभ्या गाडीतली बॅटरी आपोआप लवकर उतरते. उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली, की प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर चढतात. म्हणून दुकानात उत्पादनाचा महिना पाहावा आणि वर्षभर फळीवर राहिलेली बॅटरी सवलतीतही घेऊ नये. उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली आकडा गेला, की भारित करावी.

१६/ आता थोडा आपल्याकडचा इतिहास. भारतात एक्साइड बॅटऱ्यांचा पहिला कारखाना १९४६ मध्ये बंगालमधील श्यामनगरला उभा राहिला. १९६९ मध्ये दुसरा पुण्याजवळ चिंचवडला आला. पूर्वीच्या बॅटऱ्यांची पेटी एबोनाइटची, म्हणजे कठीण रबराची असे आणि वरचे आवरण डांबरासारख्या लेपाने बंद केलेले असे. तो लेप तापवून काढायचा, निकामी घटाच्या प्लेटा बदलायच्या आणि पुन्हा बंद करायचे, अशी दुरुस्ती शक्य होती. पुढे प्लॅस्टिकच्या बंद पेट्या आल्या. बॅटरी हलकी आणि भरवशाची झाली. दुरुस्तीची विद्या मात्र मागे पडली.

१७/ म्हणून जुन्या गाडीच्या खाच्यात एबोनाइटची रिकामी पेटी सापडली, तर ती भंगारात देऊ नये. रिकामी, नीट धुतलेली पेटी तिच्या काळाच्या तंत्रज्ञानाचा दस्तऐवज आहे. प्रदर्शनासाठी तिच्या आत आधुनिक छोटी बॅटरी लपवण्याची पद्धतही रूढ आहे. बाहेरून काळ राखला जातो, आतून गाडी चालते. आणि मुख्य म्हणजे हा बदल पूर्ववत करता येतो.

१८/ ‘क्लासिक’ म्हणजे परदेशी असे मानण्याचे कारण नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म ही उघड्या टपाची दोन आसनी गाडी घडली. बाह्यांग फायबरग्लासचे, इंजिन रेनॉचे. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. त्यामुळे अशा गाडीत परतीच्या प्रवाहाला सांगाड्यापर्यंत स्वतंत्र तारा लागतात. अशी गाडी सुरू होईना, तर बॅटरीआधी त्या तारांची गंजलेली टोके पाहावीत.

१९/ आणि आपल्या शहराचे काय? क्रांती चौकातून पूर्वेला निघालेला जालना रोड चिकलठाण्यावरून शेंद्र्याकडे जातो. तिथे २००१ मध्ये स्कोडाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. २००४ च्या सुमारास भारतात आलेली ऑक्टाव्हिया आरएस ही टर्बो पेट्रोल इंजिनाची वेगवान सेडान आज वीस वर्षे ओलांडून गेली आहे. तिची बॅटरी बदलताना धोका निराळा : वीज तुटली की रेडिओ आपला सांकेतिक क्रमांक मागतो. तो क्रमांक मालकाच्या पुस्तिकेत असतो आणि पुस्तिका हरवली की गाडीच्या इतिहासाचे एक पानही हरवते.

२०/ कायद्याच्या दृष्टीने या गाड्या २०५४ पर्यंत ‘व्हिंटेज’ होणार नाहीत. मधली तीस वर्षे ही कोणत्याही वस्तूची सर्वांत असुरक्षित वर्षे असतात. ती नवी नसते म्हणून किंमत नाही, आणि पुरेशी जुनी नसते म्हणून आदर नाही. एका उतरलेल्या बॅटरीमुळे गाडी महिनाभर उभी राहते, मग वर्षभर, मग उंदीर तारा कुरतडतात आणि शेवटी भंगारवाला येतो. पुष्कळ जुन्या गाड्यांचा शेवट असाच होतो.

२१/ सारांश, खरेदीच्या क्रमाने : व्होल्ट ओळखा, अर्थिंगची दिशा पडताळा, खाचा मोजा, भारण-व्यवस्था तपासा, उत्पादनाचा महिना पाहा, मग कंपनी निवडा. शक्यतो साधी ओली बॅटरी, तिच्यासोबत वीज तोडणारा खटका आणि भारण आपोआप राखणारा चार्जर. जुनी बॅटरी विक्रेत्याला परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्यांच्या संकलनाची आणि पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. उघड्यावर बॅटरी फोडून शिसे वितळवणाऱ्या माणसाच्या आणि त्याच्या मुलांच्या रक्तात ते शिसे उतरते.

२२/ शेवटची विनंती इतिहासप्रेमी मित्रांना. घरात, नात्यात वा शेजारी अशी गाडी असेल, तर एक वही करा. कोणत्या तारखेला कोणती बॅटरी बसवली, जुनी कोणती होती, केबल बदलली का, अर्थिंगची दिशा कोणती, हे लिहा. बदलाआधीचे आणि नंतरचे छायाचित्र चिकटवा. वॉरंटी कार्ड आणि पावतीही त्याच वहीत ठेवा. पन्नास वर्षांनी त्या गाडीवर लिहिणाऱ्या संशोधकाला पहिला विश्वासार्ह पुरावा त्या वहीतच सापडेल. धागा उपयोगी वाटला, तर अशी गाडी अंगणात उभी असलेल्या एखाद्याला उन्हाळ्यापूर्वी जरूर पाठवा.