लिव्ह अँड लायसन्स करार

घर, दुकान किंवा कार्यालयाची जागा ठरावीक मुदतीसाठी मोबदला घेऊन वापरू देण्याचा लेखी करार. महाराष्ट्रातील शहरांत घर भाड्याने देण्याचा हा रूढ मार्ग आहे. व्यवहारात त्याला ‘भाडेकरार’ म्हणतात. पण कायद्याच्या दृष्टीने यात भाडेकरू नसतो. जागा देणारा लायसन्सर, घेणारा लायसन्सी आणि दरमहाची रक्कम ही लायसन्स फी. राहणाऱ्याला भाडेकरूचे हक्क मिळू नयेत, हाच यातील बहुतेक अटींचा रोख असतो.

कायदेशीर स्वरूप : भाडेपट्ट्याची व्याख्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ मध्ये, तर लायसन्सची भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये आहे. भाडेपट्ट्याने जागेत हितसंबंध निर्माण होतो. लायसन्सने फक्त वापराची मुभा मिळते. दस्ताचे शीर्षक मात्र निर्णायक नसते. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातील केशकर्तनालयाच्या खोल्यांबाबत ‘असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर’ (१९५९) या खटल्यात लायसन्स म्हणून लिहिलेला दस्त सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने भाडेपट्टा ठरवला.

पार्श्वभूमी : मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम, १९४७ ने भाडी गोठवली आणि भाडेकरूला जागेतून काढणे अवघड केले. त्यातून सुटण्यासाठी मालक लायसन्सकडे वळले. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर ताब्यात असलेल्यांना भाडेकरू मानले. त्यामुळे ही वाटही धोक्याची झाली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने मालकांना नवे संरक्षण दिले.

प्रमुख अटी : मुदत, फी व तिची वार्षिक वाढ, परत करावयाची अनामत रक्कम, नोटिशीचा कालावधी, तसेच दोघांनाही करार मोडता न येणारा लॉक-इन काळ. वीजबिल सहसा राहणारा भरतो. सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार, हे स्पष्ट लिहावे लागते. मालक स्वतः राहत नसल्यास सोसायटी बिनभोगवटा शुल्क आकारू शकते. राज्य शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. पोटभाडेकरू न ठेवणे, बांधकामात फेरफार न करणे आणि जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील, ही कलमे जवळजवळ प्रत्येक करारात असतात.

नोंदणी : एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार सक्तीची असते, अकरा महिन्यांच्या करारांची प्रथा त्यातून पडली. महाराष्ट्रात १९९९ च्या अधिनियमाचे कलम ५५ मुदत न पाहता लेखी करार व नोंदणी बंधनकारक करते आणि ती जबाबदारी मालकावर टाकते. कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

मुद्रांक शुल्क : साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर एकूण फी, परत न मिळणारी रक्कम आणि परतीच्या अनामतीवर दरसाल १० टक्के यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के शुल्क लागते. उदाहरणार्थ, २४ महिने, दरमहा २५,००० रुपये आणि अनामत १ लाख असल्यास बेरीज ६,२०,००० व शुल्क १,५५० रुपये. अनामत भरमसाट घेऊन फी नाममात्र दाखवली, तरी मोठी अनामत या हिशेबातून सुटत नाही.

ताबा परत मिळणे : राहण्यासाठी दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही, तर कलम २४ नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. लेखी करार त्यातील तथ्यांचा निर्णायक पुरावा मानला जातो. राहणाऱ्याला बचाव मांडण्याआधी प्रतिज्ञापत्राद्वारे परवानगी मागावी लागते आणि जास्तीच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. व्यापारी जागांना हे कलम लागू नाही. मुंबईत व्यापारी जागांचे असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. गोव्यात १९६८ चा स्वतंत्र भाडे नियंत्रण कायदा असल्याने महाराष्ट्रातील मसुदा तिथे जसाच्या तसा वापरून हे संरक्षण मिळत नाही.