एक अक्षर कमी पडले

संकटे साडेसातीने येतात, उधारीने येतात, कधी मुक्कामी पाहुण्यांच्या रूपाने येतात. माझ्यावर संकट आले ते 'आर' या इंग्रजी अक्षराच्या रूपाने.

झाले असे की, २०२४ साली आमच्या अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पाट्या बदलल्या, रबरी शिक्के बदलले. बदलायचा राहिला तो माझा प्रोग्राम. बँकेत मी कारकून, पण बी.कॉम. झाल्या झाल्या दिल्ली दरवाजाजवळच्या एका क्लासात फॉक्सप्रो शिकलो होतो नि त्या जोरावर ओळखीच्या एका पतसंस्थेचा हिशेब वीस-बावीस वर्षांपूर्वी संगणकावर चढवून दिला होता. मोबदला, दर दिवाळीला फराळाचा डबा. त्या प्रोग्रामात जिल्ह्याच्या नावाला मी मोजून दहा अक्षरांची जागा ठेवली होती, कारण अहमदनगरचे इंग्रजी स्पेलिंग बरोबर दहा अक्षरांचे. अहिल्यानगरची निघाली अकरा! शेवटचा 'आर' गळाला आणि शे-दीडशे पासबुकांवर छापून आले, 'अहिल्यानगा'. एक वयस्कर सभासद चष्मा वर करून म्हणाले, "साहेब, हे गाव कोणत्या तालुक्यात आलं?"

आता हा दोष माझ्या एकट्याचा नाही, घराण्याचाच आहे. धंद्याचे हिशेब करणाऱ्या प्रोग्रामरांची कुलदेवता म्हणजे कोबोल ही भाषा. १९५९ साली अमेरिकेत एका समितीने ती आखली. यंत्राला हुकूम द्यायचे ते साध्या इंग्रजी शब्दांत, ही त्यामागची कल्पना ग्रेस हॉपर या आरमारातल्या बाईंची. कल्पना छान, पण जागा महाग! भोके पाडलेल्या एका कार्डावर ऐंशीच अक्षरे मावत. म्हणून त्या काळच्या मंडळींनी सालातले पहिले दोन आकडे गाळून टाकले; पुढचे पुढे पाहू! ते 'पुढचे' १९९९ च्या डिसेंबरात दाराशी येऊन उभे राहिले. '००' म्हणजे १९०० की २०००, हे यंत्राला कळेना आणि जगभरच्या बँका देव पाण्यात घालून बसल्या. त्यांना दोन आकडे कमी पडले, मला एकच अक्षर. त्या मानाने माझे पाप लहान.

आपल्या बँकांत ही यंत्रे काही वाजतगाजत आली नाहीत. १९८३ साली रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांची समिती नेमली, त्याच वर्षी कर्मचारी संघटनांशी यांत्रिकीकरणाचा करार झाला, आणि मग हळूहळू शाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रे दिसू लागली. माझे पहिले हेडक्लार्क मोत्यासारख्या अक्षराचे. ते म्हणत, "यंत्रानं माझी नोकरी नाही खाल्ली, माझ्या अक्षराची किंमत खाल्ली." मी तेव्हा तरुण होतो, फॉक्सप्रोवाला होतो. हसलो होतो.

आता पाळी माझी. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती निघाली २००४ साली आणि २०१५ साली मायक्रोसॉफ्टने तिची देखभालही सोडली. माझी विद्या वारली होती आणि सुतक मला २०२४ साली कळले! त्यात संचालक म्हणाले, "दुरुस्ती कशाला? आता खातं मोबाईलवरच दिसू द्या." दुसरा माणूस नेमा असे ते म्हणाले नाहीत, पण एकमेकांकडे पाहिले. तेवढे मला पुरले.

मी भाचीची शिकवणी लावली. ती इंजिनियरिंगला आहे.

"मामा, आधी हे विसरा की स्क्रीन तुमची वाट बघत बसतो," ती म्हणाली. "पान मागितलं की द्यायचं आणि मागणाऱ्याला विसरून जायचं. वेब असंच चालतं."

विसरायचे? माझा जुना प्रोग्राम नाव विचारून थांबे, रक्कम विचारून थांबे. चहा पिऊन आलो तरी मी कोण हे त्याच्या ध्यानात असे. मग इतिहास वाचला तेव्हा उलगडा झाला. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत वेबची कल्पना मांडली ती शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत म्हणून. कोबोलचा जन्म खतावणीत, वेबचा वाचनालयात! पेपर चाळून गेलेल्या माणसाला वाचनालयात कोण लक्षात ठेवतो? हिशेबाचे ओझे त्याच्या पाठीवर मागाहून पडले. मग १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी 'कुकी' काढली. यंत्राने गिऱ्हाइकाला एक खुणेची चिठ्ठी द्यायची, पुढच्या खेपेला त्याने ती दाखवायची.

"अगं, हा तर आमचा पितळी बिल्ला!" मी ओरडलोच. चेक दिला की बिल्ला मिळायचा. कॅशियर तोंड ओळखत नसे, नंबर पुकारी. भाचीने बिल्ला जन्मात पाहिला नव्हता. त्या दिवशी प्रथमच मास्तरीणबाई माझे ऐकत बसल्या.

पहिल्या चाचणीत नेट रेंगाळले म्हणून मी 'जमा करा'चे बटन दोनदा दाबले. पाचशेचे हजार झाले! भाची म्हणाली, "एकदा दाबलं की बटन बंद करून टाकू." मी म्हटले, "बटन झाकून भागत नाही. प्रत्येक स्लिपला नंबर दे. तोच नंबर पुन्हा आला तर परत पाठव. आणि संध्याकाळी जमा-नावे पैशाला पैसा जुळल्याशिवाय कुलूप लावायचं नाही." तिने ते वहीत उतरून घेतले. मला मात्र हेडक्लार्क आठवले. हे धडे त्यांचेच होते. त्यांच्या अक्षराची किंमत गेली, पण हे शहाणपण अजून चालते आहे. हसलो होतो त्याची आता लाज वाटते.

सहा महिन्यांनी खाते मोबाईलवर दिसू लागले. गावाच्या नावाला मी शंभर अक्षरांची जागा ठेवली आहे. पुढच्या कारकुनाचा तळतळाट नको. ते वयस्कर सभासद मुद्दाम येऊन पाहून गेले. चष्मा वर करून म्हणाले, "साहेब, गाव बरोबर आलं. आता तेवढी शिल्लक वाढवा."

ती सोय मात्र अजून कुठल्याच भाषेत आलेली नाही.