जुन्या घराची तपासणी : कवेलूंपासून पायापर्यंत

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा हे हावडा-मुंबई लोहमार्गावरील तालुक्याचे गाव. भातशेती आणि वैनगंगेचा शेजार ही या परिसराची जुनी ओळख. गेल्या दशकात त्यात ३,३०० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक वीजप्रकल्पाची भर पडली. विटा-सिमेंटची नवी घरे आता सर्वत्र दिसत असली, तरी मातीच्या जाड भिंती, लाकडी आडे-वासे आणि वर कवेलू अशा रचनेची घरे या भागात आजही वापरात आहेत. नोकरीनिमित्त नागपूर, पुणे, मुंबईत स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांचे वडिलोपार्जित घर याच प्रकारचे असते. त्यात वृद्ध आई-वडील राहत असतात किंवा ते वर्षातील बराच काळ कुलूपबंद असते. असे घर पाडावे की राखावे, हा निर्णय घेण्यापूर्वी त्याची पद्धतशीर तपासणी होणे आवश्यक आहे.

जिल्ह्यात वर्षाकाठी साधारणतः १,२०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. त्यामुळे येथील जुन्या घरांतील बहुतेक दोषांचे मूळ पाण्यात सापडते. तपासणीही पाण्याच्याच वाटेने, म्हणजे छपरापासून पायापर्यंत करावी. ती दोनदा केल्यास उत्तम : एकदा उन्हाळ्याच्या अखेरीस आणि दुसऱ्यांदा पावसाची झड लागलेली असताना.

छप्पर आणि लाकूडकाम

कवेलूंचे छप्पर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारावे लागते. वानरांच्या उड्या, वारा आणि मांजरांचा वावर यांमुळे कवेलू सरकतात, फुटतात. बंद घरात ही फेरणी होत नाही आणि एका फुटक्या कवेलूतून झिरपणारे पाणी दोन-तीन पावसाळ्यांत वासा कुजवते. भर दुपारी घरातील दिवे बंद करून वर पाहिल्यास प्रकाशाचे कवडसे दिसतात. गळतीच्या जागा शोधण्याचा हा सर्वात सोपा उपाय होय.

लाकडाची तुळई मध्यभागी धडधाकट दिसली, तरी भिंतीत गाडलेली तिची टोके आधी कुजतात, कारण तेथे ओल असते आणि हवा लागत नाही. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक सहज आत शिरणे, ठोकल्यावर पोकळ आवाज येणे, भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या वर चढलेल्या दिसणे ही कुज व वाळवीची लक्षणे आहेत. केवळ दिसणारी वाळवी मारून उपयोग होत नाही. तिला आकर्षित करणारी ओल थांबवावी लागते.

भिंती आणि ओल

जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत गिलाव्याचे पोपडे सुटणे आणि त्यावर पांढरी भुकटी येणे, हे जमिनीतील पाणी भिंतीत वर चढत असल्याचे चिन्ह आहे. पाण्याबरोबर आलेले क्षार भिंतीच्या पृष्ठभागावर साचून गिलावा फोडतात. अशा वेळी सिमेंटचा गिलावा करून भिंत ‘पक्की’ करण्याचा मोह होतो. परंतु तो बहुधा अपायकारक ठरतो. मातीची किंवा चुन्याची भिंत शोषलेली ओल हवेत सोडत असते. सिमेंटच्या थरामुळे ही वाट बंद होते, ओल आत कोंडली जाते आणि वरून नीटनेटकी दिसणारी भिंत आतून मऊ होत जाते. मातीच्या भिंतीला मातीचा वा चुन्याचा गिलावाच मानवतो.

ओलीचे आणखी एक कारण घराबाहेर असते. रस्त्यावर थरावर थर चढत गेल्याने अनेक जुन्या घरांचे जोते रस्त्याच्या पातळीला किंवा त्याखाली गेलेले आढळते. साहजिकच पावसाचे पाणी उंबऱ्यापर्यंत येते. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या बुडाशी न साचता दूर वाहून जाते का, हेही पाहावे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराचा फटका पूर्व विदर्भातील गावांना बसला होता. पुरात बुडालेली मातीची भिंत वरून सुकली, तरी तिच्या बुडाची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. भिजलेल्या मातीचे वजन वाढते व ताकद घटते. म्हणूनच झडीच्या दिवसांत भिंती कोसळण्याचा धोका अधिक असतो.

भेगा

प्रत्येक भेग धोकादायक नसते. गिलाव्यावरील केसासारख्या बारीक रेषा सामान्य समजल्या जातात. मात्र दार-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरकी जाणारी, वर रुंद होत जाणारी किंवा भिंतीच्या आरपार गेलेली भेग पाया खचल्याचे सुचवते. भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने पक्की बसवून त्यावर तारीख लिहावी. काही महिन्यांत पट्टी तडकली, तर हालचाल अद्याप सुरू आहे असे समजावे. बाहेरच्या बाजूस फुगलेली किंवा ओळंब्यात नसलेली भिंत मात्र वाट न पाहता टेकू देऊन सुरक्षित करावी.

नंतर चढवलेला स्लॅब

कवेलू काढून जुन्याच भिंतींवर स्लॅब टाकणे ही गंभीर चूक होय. चार इंच जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो असते. म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर दोन टनांहून अधिक भार येतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील जड धाबी कोसळून हजारो लोक दगावले. कमकुवत भिंतीवरील जड छप्पर किती घातक ठरते, याचा तो धडा होता. जुन्या स्लॅबमध्ये गजांना गंज चढला की गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा बरेच वाढते आणि खालचे काँक्रीट सुटून पडते. तांबूस डाग व ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज ही त्याची पूर्वसूचना असते.

वीज

लाकडी पट्ट्यांवरील जुनी वायरिंग, तडकलेले रबरी आवरण, फ्यूजमध्ये घातलेली जाड तार आणि अर्थिंगचा अभाव हे दोष जुन्या घरांत सर्रास आढळतात. पारा ४५ अंशांच्या जवळ जाणाऱ्या या प्रदेशात पाण्याने भरलेला लोखंडी कूलर घरोघरी असतो. अर्थिंग नसेल तर तो जीवघेणा ठरू शकतो. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअ‍ॅम्पिअर गळतीलाच वीज खंडित करणारे उपकरण बसवावे. संपूर्ण दुरुस्तीच्या खर्चाच्या तुलनेत हा खर्च अल्प आहे.

प्राधान्यक्रम

महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम १९५ नुसार धोकादायक इमारतीबाबत कारवाई करण्याचे अधिकार नगरपरिषदेला आहेत. नोटीस येईपर्यंत थांबणे मात्र शहाणपणाचे नाही. सर्वप्रथम वीज आणि झुकलेल्या भिंती, त्यानंतर छप्पर व पाण्याचा निचरा, पुढे लाकूडकाम आणि सर्वांत शेवटी गिलावा व रंग, हा क्रम पाळावा. प्रत्यक्षात अनेकदा रंगापासून सुरुवात होते व दोष झाकले जातात. भेगा, स्लॅब आणि तुळया यांबाबत स्ट्रक्चरल इंजिनीअरचा लेखी अहवाल घ्यावा. पाया शाबूत, भिंती ओळंब्यात आणि मुख्य लाकूड सुस्थितीत असेल, तर शंभरी गाठलेले घरही राखता येते. तसे नसेल, तर पुढच्या झडीपूर्वी त्यातील माणसांना हलवणे हेच पहिले काम ठरते.