वतन (मराठी राजकीय विचारातील)

गावाच्या कारभाराचा हक्क, त्याबदल्यातली जमीन आणि मानपान वंशपरंपरेने एकाच घराकडे ठेवणारी व्यवस्था. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही वरच्या थरातली वतने. महारकी, रामोशीपण ही खालच्या थरातली. मराठी राजकीय विचाराचा इतिहास सहसा स्वराज्य, समाजसुधारणा आणि लोकशाही या टप्प्यांनी सांगितला जातो. सत्ता जन्माने मिळावी काय, हा त्यातला मूळचा प्रश्न मात्र वतनावरून सर्वांत उघडपणे लढला गेला.

रामचंद्रपंत अमात्यांच्या राजनीतीवरील ‘आज्ञापत्रा’त (१७१५) वतनदार ही राजाची डोकेदुखी आहे. त्याला शेजाऱ्याचे बळकावायचे असते, आणि परचक्र आले की वतन वाचवण्यासाठी तो आधी शत्रूला जाऊन मिळतो. म्हणून त्याला स्नेह आणि दंड या दोहोंच्या मध्ये धरून ठेवावे, असा अमात्यांचा सल्ला. आरमारासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे तिच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत, असेही हाच ग्रंथ बजावतो. रयतेची काळजी आहे. रयतेला विचारून राज्य करावे ही कल्पना नाही. वतनदाराची खोड इतकी नेमकी ओळखूनही अमात्य वतन मोडायला सांगत नाहीत. त्यांचे स्वतःचे घराणेही पुढे बावड्याच्या जहागिरीवरच राहिले.

न्या. रानड्यांनी १९०० मधील मराठ्यांच्या सत्तेवरील इंग्रजी ग्रंथात शिवाजी महाराजांचे कौतुक केले ते अधिकारपदे वंशपरंपरागत होऊ न देण्याबद्दल आणि जहागिरीऐवजी रोख पगार देण्याबद्दल. हा विचार राज्य टिकण्याच्या दृष्टीचा आहे. जोतीराव फुल्यांनी त्याआधीच पाहण्याची बाजू पालटली होती. ‘गुलामगिरी’ (१८७३) आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) यांत सत्ता खालून पाहिली आहे: अक्षर न येणारा कुणबी आणि त्याच्या नावावर हवे ते लिहिणारा कुलकर्णी. इंग्रज सरकार वरून न्यायी दिसले, तरी गावात ते कुलकर्ण्याच्या दप्तरातून उतरते, हे फुल्यांचे निरीक्षण राज्यसंस्थेच्या कोणत्याही सिद्धांताला पुरून उरणारे आहे. आधी राजकीय सुधारणा की सामाजिक, हा टिळक-आगरकरांचा वाद अधिक गाजला; गावच्या चावडीपर्यंत तो फारसा उतरला नाही.

कृतीत ठळक पाऊल कोल्हापुरात पडले. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले आणि महार वतनेही रद्द केली. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. सगळ्या घराला कोणत्याही वेळी सरकारी आणि गावकीच्या कामाला जुंपणारे, बदल्यात तुटपुंजी जमीन व बलुते देणारे वतन हा हक्क नसून बेडी आहे, ही त्यांची मांडणी. अनेक महार कुटुंबांना ती जमीन सोडवत नव्हती, त्यामुळे हा लढा दोन्ही बाजूंनी अवघड होता. पूर्वीच्या मुंबई इलाख्यातली ही कनिष्ठ वतने संपवणारा कायदा १९५८ मध्ये आला, तोवर आंबेडकर हयात नव्हते.

मुंबई इलाख्याबाहेरच्या मराठवाड्यात, उदाहरणार्थ उमापूर (ता. गेवराई, जि. बीड) आणि आसपासच्या गावांत, हा प्रवास वेगळा. इथली माणसे हैदराबादच्या निजामाची प्रजा. माली पाटील महसुलाचा, पोलीस पाटील बंदोबस्ताचा आणि पटवारी कागदाचा, अशी गावची सत्ता वाटलेली. निजामाने १९३९ मध्ये जाहीर केलेल्या सुधारणांतही प्रतिनिधित्व माणसाला नव्हते, हितसंबंधांच्या गटांना होते. १९३८ च्या हैदराबाद स्टेट काँग्रेसची, पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालची, जबाबदार राज्यपद्धतीची मागणी म्हणून इथे पुण्या-मुंबईपेक्षा अधिक मूलगामी ठरते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, १५ ऑगस्ट १९४९ पासून जहागिऱ्या गेल्या, आणि १९५२ च्या निवडणुकीत पाटील व त्याचा सालदार यांचे मत प्रथमच एका किमतीचे झाले. महसुली पाटलाचे पद काढणारा महाराष्ट्राचा कायदा १९६२ चा. आडनाव म्हणून आणि वजन म्हणून पाटील त्यानंतरही गावात राहिलाच.

जमिनीचा प्रश्न या कायद्यांनी सुटला नाही. बीड जिल्ह्यातील एकनाथ आवाड (मृ. २०१५) यांनी मानवी हक्क अभियानातून भूमिहीन दलितांची गायरानावरील वहिवाट कायम करण्याचा लढा उभारला, वाद गावच्या बैठकीत किंवा चावडीवर न सोडवता कायद्यापुढे नेणे ही त्यांची पद्धत होती. आता सरपंचपदाचे आरक्षण फिरते असते आणि २०११ पासून पंचायतीतील निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. एका घराकडे कायम राहणाऱ्या वतनाच्या हे नेमके उलट आहे, निदान कागदावर. गायरानाच्या अनेक तुकड्यांचा सातबारा मात्र अजून कसणाऱ्याच्या नावावर चढलेला नाही.