सुरम्याचा खडा

अत्तरे, टोप्या आणि तसबिह विकणाऱ्या दुकानात एका बरणीत काळसर, चकाकणारे खडे ठेवलेले दिसतात. महंमद अली रोडवर ते हमखास मिळतात, आमच्या उपनगरांत जुहू गल्लीसारख्या वस्तीतही एखाद्या दुकानात सापडतात. खडा हातात घेतला तर आकाराच्या मानाने फार जड लागतो. हातोडीने फोडला तर त्याचे वेडेवाकडे तुकडे होत नाहीत, लहान लहान चौकोनी ठोकळे पडतात आणि प्रत्येक ठोकळ्याची बाजू आरशासारखी लखलखते. हा सुरम्याचा खडा. जुन्या घरांत तो दिवसचे दिवस गुलाबपाण्यात खलत आणि मग सुरमेदानीत भरत. भूगर्भशास्त्राच्या भाषेत बाजारातल्या बहुतेक सुरम्याचे नाव आहे गॅलेना, म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग, लेड सल्फाइड.

या खड्याविषयी रेडिओवरून बोलायला मिळते आहे, हे मला फार योग्य वाटते. कारण रेडिओ नावाची वस्तू प्रथम सामान्य माणसाच्या घरात शिरली, तेव्हा तिच्या पोटात हाच खडा होता.

आधी नावाचे पाहू. कवीला शब्दापाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अरबीत डोळ्यांत घालायच्या या बारीक पुडीला 'कुह्ल' म्हणतात. त्याला 'अल' हे उपपद लागून 'अल-कुह्ल' झाले. युरोपातल्या किमयागारांनी तो शब्द उचलला, आधी कोणत्याही अतिसूक्ष्म पुडीला लावला, मग कोणत्याही पदार्थाच्या अर्काला, आणि शेवटी दारूच्या अर्काला. आजचा 'अल्कोहोल' तो हा. डोळ्यांतला सुरमा बाटलीत कसा पोचला, याची ही गंमत. संस्कृतात अंजनाचे अनेक प्रकार सांगितले आहेत, त्यांत सौवीरांजन आणि स्रोतोंजन ही खनिज अंजने. ती गॅलेना की अँटिमनीचे खनिज, याबद्दल विद्वानांत वाद आहे. तसाच वाद हदीसमध्ये वाखाणलेल्या 'इस्मद'बद्दलही आहे. दोन्ही खनिजे काळी, दोन्ही चकाकणारी, आणि त्या काळी पृथक्करण करून पाहण्याची सोय कुणाकडे नव्हती. काजळ मात्र वेगळे, ते दिव्याच्या काजळीचे. मराठीत 'डोळ्यांत अंजन घालणे' हा वाक्प्रचार उपदेशासाठी वापरतात. आज ते अंजन खरोखरच तपासायचे आहे.

सगळ्यात जुना पुरावा इजिप्तमधला. तिथल्या थडग्यांत सापडलेल्या प्रसाधनाच्या कुप्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. फिलिप वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या पुडीचे पृथक्करण केले आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. गॅलेना त्यात होतेच, पण सोबत शिशाचे दोन असे क्षार होते, जे निसर्गात क्वचितच आढळतात. म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ते मुद्दाम पाण्यात, मिठाच्या साहाय्याने, आठवडेच्या आठवडे खपून तयार केले होते. २०१० मध्ये याच गटाने आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. या क्षारांची अत्यंत सूक्ष्म मात्रा त्वचेच्या पेशींना दिली, तेव्हा पेशींनी नायट्रिक ऑक्साइड अधिक प्रमाणात तयार केले. हा वायू शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेला जागे करतो. नाईलच्या पुरानंतर डोळे येण्याची साथ पसरत असेल, तर या पुडीचा थोडा उपयोग होतही असेल, असा तर्क त्यांनी मांडला. वर्तमानपत्रांनी तो तर्क उचलला आणि 'सुरमा औषधी ठरला' असे मथळे दिले. संशोधकांनी तसे म्हटलेले नव्हते. प्रयोगशाळेतली मात्रा आणि सुरमेदानीतली सळई यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याकडे पुढे येतोच.

आता याच खड्याचा दुसरा जन्म. १८७४ मध्ये कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने धातूंच्या गंधकयुक्त खनिजांवर तारेचे टोक टेकवून वीज सोडली. त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. वीज एका दिशेने सहज जाते, उलट दिशेने अडते. त्यात गॅलेनाही होते. धातूत असे होत नाही, काचेत वीज जातच नाही. हा तिसराच प्रकार होता. आज आपण त्याला अर्धवाहक म्हणतो, पण तेव्हा त्याला नाव नव्हते, आणि उपयोगही नव्हता.

उपयोग कलकत्त्यात सापडला. प्रेसिडेन्सी कॉलेजातले प्राध्यापक जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये बिनतारी लहरी भिंतींमधून पलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि थोडी बंदुकीची दारू उडवून दाखवली. मार्कोनीचे नाव तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. बोस यांच्या लहरी काही मिलिमीटर लांबीच्या होत्या. आजच्या मोबाइलच्या नव्या पिढ्या ज्या पट्ट्याकडे वळल्या आहेत, त्या पट्ट्यातल्या. पण माझ्या दृष्टीने त्यांचे खरे मोठे काम लहरी पाठवण्यात नाही, त्या ओळखण्यात आहे. लहर आली हे कळायचे कसे? त्यासाठी त्यांनी किती धातू, किती खनिजे तपासली! त्यातून त्यांना गॅलेना सापडले. तारेचे टोक गॅलेनावर टेकवले की ते बिनतारी लहरीलाही प्रतिसाद देते आणि डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशालाही. बोस यांना याचे फार अप्रूप वाटले. माणसाचा डोळा प्रकाशाच्या एका अरुंद पट्टीपुरताच पाहतो, त्याच्या अलीकडे-पलीकडे तो आंधळा. हा दगड मात्र त्या पट्टीच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे जागा असतो. म्हणून बोस या उपकरणाची तुलना डोळ्याशी करीत. १९०२ च्या त्यांच्या सजीव-निर्जीवांच्या प्रतिसादावरील पुस्तकात तर चांदीचे, ब्रोमीनची वाफ दिलेले एक कृत्रिम नेत्रपटलही आहे.

गॅलेनाच्या या उपकरणाचे अमेरिकन पेटंट बोस यांच्या नावावर आहे. अर्ज १९०१ चा, मंजुरी २९ मार्च १९०४ ची, क्रमांक ७५५८४०. अर्धवाहकापासून केलेल्या उपकरणाचे हे जगातल्या सर्वांत जुन्या पेटंटांपैकी एक. बोस यांना ज्ञानाचे पैसे करणे पसंत नव्हते. भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांनी आग्रह धरला म्हणून अर्ज झाला. पुढे त्यांनी त्याचा लाभ घेतला नाही आणि पेटंटाची मुदत तशीच निघून गेली. याला कुणी निःस्वार्थीपणा म्हणतात, कुणी भाबडेपणा. मला वाटते, एवढा अधिकार त्या माणसाने मिळवला होता. १९०९ चे नोबेल मार्कोनी आणि ब्राउन यांना विभागून मिळाले. बोस यांचे नाव त्यात नव्हते.

आता मुंबईत येऊ. १९२३ मध्ये इथे रेडिओ क्लबच्या हौशी लोकांनी प्रक्षेपण सुरू केले. २३ जुलै १९२७ या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याच दिवशी खडकी आणि दौंड इथल्या स्थानकांमार्फत इंग्लंडशी बिनतारी तारायंत्रही जोडले गेले. म्हणजे एकाच तारखेला पुणे जिल्ह्यातून लंडन गाठता आले आणि मुंबईत घरबसल्या गाणे ऐकता आले. मुंबई केंद्राची शक्ती अवघी दीड किलोवॅट, आणि पल्ला सुमारे ४८ किलोमीटर. जुहूची नारळीची वाडी त्या पल्ल्यात अगदी आरामात बसत होती.

दिव्यांचा रेडिओ श्रीमंतांचा. बाकीच्यांसाठी क्रिस्टल सेट. त्याला वीज लागत नसे, बॅटरीही नाही. लांब तार कौलांवर नाहीतर झाडाला बांधायची, तिचे एक टोक तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याला, मग एका चिमट्यात बसवलेला गॅलेनाचा खडा, त्यावर टेकवलेली पितळेची केसासारखी बारीक तार, आणि कानाला लावायचे फोन. त्या तारेला मांजराची मिशी म्हणत. खड्यावर ती जागोजागी टेकवत राहायचे. कुठे काहीच नाही, कुठे नुसती खरखर, आणि एके जागी अचानक माणसाचा आवाज! खडा करतो काय, तर पुढे-मागे डोलणाऱ्या लहरीचा एकाच दिशेचा भाग पुढे जाऊ देतो, दुसरा अडवतो. उरतो तो बोलण्याचा चढउतार. हे सगळे अँटेनाने झेललेल्या ऊर्जेवरच चालते, वेगळे काहीच लागत नाही. धक्का बसला की मिशी सरकायची, आणि गाणे गुल. खाली बसून शांतपणे ऐकण्याचे हे यंत्र होते.

जुहूला १९२८ मध्ये विमानांसाठी मैदान तयार झाले. भरतीला पाणी आत येण्याइतकी खोलगट, खाजणाची जागा ती. पावसाळ्यात चिखल होई आणि मग टाटांची टपाल-विमाने मुक्काम पुण्याला हलवीत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पुस मॉथ जातीचे इवलेसे विमान घेऊन निघाले, अहमदाबादला थांबून दुपारी जुहूला उतरले. सोबत टपालाची थैली. विमानात रेडिओ नव्हता, वाटेत दिशा दाखवणारी कोणतीही खूण नव्हती. शंभर मैलांचा वेग आणि दोन डोळे, इतकाच संच. खाली दिसणारा किनारा, रेल्वेचे रूळ, नद्यांची मुखे ओळखत यायचे. त्या काळात एखाद्या घरात क्रिस्टल सेटवर गाणे लागलेले असेल आणि त्याच घरावरून एक विमान जात असेल, ज्यातल्या माणसाला खालून कुणी हाक मारू शकत नाही, हे चित्र मला नेहमी अस्वस्थ करते. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी जेआरडींनी तो प्रवास पुन्हा केला आणि जुहूलाच उतरले. आता तिथून प्रामुख्याने हेलिकॉप्टरे उडतात, बरीचशी समुद्रातल्या तेलविहिरींकडे. जवळच एसएनडीटीच्या आवारात मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९७ पासून आहे. तिथल्या मुलींना अर्धवाहक हा पहिल्या काही धड्यांतला विषय.

गॅलेनाची रेडिओतली नोकरी दिव्यांनी आणि मग १९४७ च्या ट्रान्झिस्टरने संपवली. पण बोस यांनी पाहिलेला गुण वाया गेला नाही. लेड सल्फाइड तीन मायक्रॉनपर्यंतचा अवरक्त प्रकाश ओळखते, माणसाचा डोळा ०.७ मायक्रॉनच्या आसपासच थांबतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्याचे उष्णता ओळखणारे डोळे बनवले. युद्धानंतर विमानाच्या इंजिनाची धग शोधत जाणाऱ्या क्षेपणास्त्रांत ते बसले. डोळ्यांच्या सौंदर्यासाठी खललेला दगड विमान पाडायला निघाला. आता त्याच संयुगाचे काही नॅनोमीटरचे कण, क्वांटम डॉट, अवरक्त कॅमेऱ्यांत वापरले जातात. अशा कणांच्या शोधासाठी रसायनशास्त्राचे २०२३ चे नोबेल दिले गेले.

आणि आपल्या सुरमेदानीत? तिथे तो खडा अजूनही आहे. १९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या डॉक्टरांना आशियाई घरांतल्या मुलांच्या रक्तात शिसे सापडू लागले. १९६८ मध्ये त्याचा संबंध सुरम्याशी लावून तो प्रसिद्ध झाला. पुढे अनेक देशांत तपासण्या झाल्या आणि बाजारातल्या कित्येक सुरम्यांत निम्म्याहून अधिक भाग लेड सल्फाइडच निघाला. अमेरिकेत तर असा सुरमा विकायला परवानगीच नाही. डोळ्यांत घातलेली पुडी तिथेच राहत नाही. मूल डोळे चोळते, बोट तोंडात घालते. अश्रूंबरोबर ती नाकात आणि घशात उतरते. पोटात गेलेल्या शिशाचा मोठा माणूस जितका अंश शोषून घेतो, त्याच्या चार-पाच पट मूल शोषते, आणि ते मेंदूच्या वाढीवर घाला घालते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, शिशाची अमुक इतकी मात्रा निर्धोक, अशी रेषाच आखता येत नाही.

आमच्या घरात मूल चाळीस दिवसांचे झाले की आजी सुरमेदानी काढायची. तिच्या हातावर इतकी माया असे की, तिला शिशाबद्दल सांगणे म्हणजे तिच्या मायेची झडती घेणे. तरीही सांगायला हवे, आणि आमच्यातल्या माणसाने सांगायला हवे. बाहेरच्याने सांगितले की ते श्रद्धेवरचे बोट वाटते. हदीसमध्ये डोळ्यांच्या निगेचा सल्ला आहे. महंमद अली रोडवरच्या बरणीत काय भरले आहे, याची हमी त्यात नाही. दुकानदाराला विचारा, 'यात शिसे नाही, असा कागद आहे का?' बहुतेक वेळा तो हसतो. मूठभर माणसांनी विचारले, तर हसणे थांबेल.

बोस यांच्या कृत्रिम नेत्रपटलाचे पुढे काय झाले, तेही सांगतो. अमेरिकेतल्या एका कंपनीने साठ विद्युत्-टोकांचे नेत्रपटल बनवले. चष्म्यातला कॅमेरा बिनतारी पद्धतीने डोळ्यातल्या चकतीला संदेश देई. २०१३ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि जगभरात साडेतीनशेहून अधिक माणसांनी ते बसवून घेतले. २०१९ च्या सुमारास कंपनीने ते बनवणे बंद केले, आणि डोळ्यात चकती असलेल्या माणसांना दुरुस्तीसाठी जायला दार उरले नाही. त्यानंतर दुसरा प्रयत्न झाला. दोन मिलिमीटरची सिलिकॉनची चकती नेत्रपटलाखाली बसवायची आणि चष्म्यातून तिच्यावर अवरक्त प्रकाशात चित्र टाकायचे. त्या प्रकाशातूनच चकतीला वीज मिळते, तार नाही, बॅटरी नाही, अगदी क्रिस्टल सेटसारखे. वयोमानाने मधली दृष्टी गेलेल्या ३८ जणांवर युरोपात ही चाचणी झाली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभर चाचणीत राहिलेल्यांपैकी बहुतेकांना अक्षरे पुन्हा वाचता येऊ लागली. एक एक अक्षर जुळवत, सराव करत करत, आणि रंगांशिवाय.