सोड्याच्या खड्यातले पाणी

धुण्याच्या सोड्याच्या रेणुसूत्रातले ‘दहा पाणी’ आपण निमूटपणे पाठ करतो. ते दहा मोजले कसे, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. ही मोजणी जन्मली ती कापड शुभ्र करण्याच्या धंद्यात.

विरंजनासाठी विकत घेतलेल्या राखेत खरा अल्कली किती, हे नजरेला कळत नसे. भेसळीचेही पैसे मोजावे लागत. १७५६ साली स्कॉटलंडच्या फ्रान्सिस होम यांनी ठरावीक वजनाच्या राखेत विरल नायट्रिक आम्ल चमच्याचमच्याने घातले आणि फसफसणे थांबेपर्यंतचे चमचे मोजले. चमचा हेच त्यांचे ब्युरेट! रूआँच्या देक्रोआझिय यांनी १८०६मध्ये खुणा केलेली नळी वापरात आणली. गे-ल्युसॅक यांनी १८२८मध्ये लिटमसच्या साक्षीने ही पद्धत काटेकोर केली.

आता आपला प्रयोग. सोड्याचे २.८६ ग्रॅम स्फटिक पाण्यात विरघळवून द्रावण २५० मिलिलिटर करावे. त्यातल्या २५ मिलिलिटरला, मिथिल ऑरेंज दर्शक वापरून, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २० मिलिलिटर लागते. म्हणजे आम्ल ०.००२ मोल. एका कार्बोनेटला दोन आम्ल लागतात, म्हणून कार्बोनेट ०.००१ मोल, सबंध द्रावणात ०.०१ मोल, अर्थात १.०६ ग्रॅम. उरलेले १.८० ग्रॅम पाणी, म्हणजे ०.१ मोल. गुणोत्तर एकास दहा. खड्याचे जवळजवळ ६३ टक्के वजन पाण्याचेच!

गंमत अशी, की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अनेक रसायनशास्त्रज्ञ पाण्याचे तुल्यभार ९ आणि कोरड्या सोड्याचे ५३ धरीत, आजच्या १८ आणि १०६च्या नेमके निम्मे. दोन्ही निम्मे असल्याने त्यांचेही उत्तर दहाच येई.

विद्यार्थ्याचे वाचन मात्र २० ऐवजी २५ मिलिलिटर आले, तर उत्तर ६.८ निघते. अशा वेळी गुण कापण्याची घाई करू नये, असे आम्हाला वाटते. हा सोडा कोरड्या हवेत पाणी सोडतो आणि खड्यावर पांढरी भुकटी धरते. तेव्हा ६.८ हे एखाद्या नव्या क्षाराचे सूत्र नव्हे. बरणीत कमीअधिक पाण्याचे स्फटिक एकत्र असतात आणि अनुमापन त्यांची सरासरी तेवढी सांगते. भुकटी खरवडून आतला पारदर्शक खडा घ्यावा, लगेच वजन करावे आणि पुन्हा अनुमापन करावे; आकडा दहाकडे सरकतो.